फलकावरचा फोटो पाहून प्लॉट घेऊ नका

गोंदिया शहरातून बालाघाट, तिरोडा, गोरेगाव किंवा आमगाव, कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. धानाच्या बांध्यांमध्ये चुन्याच्या रेघा ओढलेल्या आणि सिमेंटचे खुंट गाडलेले दिसतात. रस्त्याच्या कडेला फलक असतो. त्यावर ले-आऊटचे नाव, मासिक हप्ता आणि एजंटाचा मोबाइल नंबर असतो. जवळपास आपली वस्ती असेल तर फलकावर आणखी दोन गोष्टी दिसतात. बाबासाहेबांचा फोटो आणि 'बुद्ध विहारासाठी जागा राखीव' ही ओळ. हा फोटो कोणासाठी लावलेला असतो हे वेगळे सांगायला नको. रेल्वेत, शाळेत, वीज मंडळात, पंचायत समितीत तीस वर्षे नोकरी करून निवृत्तीला आलेला आपला माणूस आज या धंद्याचे हुकमी गिऱ्हाईक झाला आहे. त्याच्याकडे भविष्य निर्वाह निधीचा पैसा आहे, डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे ही ओढ आहे आणि कागद वाचून दाखवणारा घरात कोणी नाही. या तिन्ही गोष्टी फलक लावणाऱ्याला पक्क्या ठाऊक असतात.

घराविषयीची ही ओढ चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला एक खोली मिळाली नाही. पारशांच्या विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ग्रंथांना पुरेल इतके मोठे. गावकुसाबाहेर राहायला लावलेल्या समाजासाठी स्वतःच्या नावाचे घर ही केवळ गुंतवणूक नसते, ती प्रतिष्ठेची गोष्ट असते. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९९५ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवारा हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तो खटला अनुसूचित जातींच्या घरांसाठी जमीन संपादन करण्यावरूनच उभा राहिला होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण ज्या घरासाठी इतका संघर्ष झाला ते घेताना आपण कागद न पाहता पैसे मोजतो. हक्काची भाषा करणारा समाज आपल्या हक्काचा दस्तऐवज वाचत नसेल तर त्याला लुबाडणे फार सोपे होते.

वकिली करताना असे अनेक लोक फाइल घेऊन येतात. फाइल जाडजूड असते. आत स्टॅम्पपेपरवरचे, नोटरीचा शिक्का असलेले इसारपत्र, हप्त्यांच्या पावत्या, रंगीत छापील नकाशा आणि ग्रामपंचायतीची घरटॅक्सची पावती. विक्रीपत्र मात्र नसते. विचारले की उत्तर येते, 'साहेब, ताबा आमचाच आहे, टॅक्सही आम्हीच भरतो, रजिस्ट्री नंतर करून देतो म्हणाले.' हे 'नंतर' कधी येत नाही. मूळ मालक वारतो, त्याची मुले व्यवहार नाकारतात, किंवा तोच प्लॉट दुसऱ्याच्या नावे रजिस्ट्री झालेला असतो.

इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम ५४ सांगते की विक्रीच्या नुसत्या कराराने जमिनीत मालकी निर्माण होत नाही. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ नुसार शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा दस्त नोंदवावाच लागतो. २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने केलेली 'विक्री' ही विक्रीच नव्हे, असे ठणकावून सांगितले. नोटरीचा शिक्का म्हणजे सही करणाऱ्याची ओळख पटवणे, मालकी देणे नव्हे. घरटॅक्सची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. इसारपत्रात ठरलेल्या तारखेला, आणि तारीख ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून, तीन वर्षांच्या आत न्यायालयात दावा करावा लागतो. 'भाऊ, पुढच्या महिन्यात करून देतो' यावर तीन वर्षे काढली की दावाही हातचा जातो. म्हणून इसारपत्रसुद्धा नोंदवून घ्या, त्यात तारीख लिहून घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या. जमिनीच्या व्यवहारात २० हजार वा अधिक रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे. रोखीचा आग्रह धरणारा विक्रेता तुमचा पुरावाच नष्ट करत असतो.

आता सातबाऱ्याकडे वळू. प्लॉटच्या रंगीत नकाशाला किंमत नाही. ज्या गट नंबरातून तो प्लॉट पाडला त्या गटाचा चालू सातबारा, मागचे सगळे फेरफार आणि शहराच्या हद्दीत असेल तर आखीव पत्रिका मागा. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव आहे का, हे पहिले बघा. पुष्कळदा तिथे वेगळ्याच माणसाचे नाव असते आणि विकणाऱ्याच्या हाती फक्त त्याच्याशी केलेला करार असतो. दुसरे म्हणजे भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ म्हणजे सरकारने अटीवर दिलेली जमीन. ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कमाल जमीन धारणा कायद्यात भूमिहीनांना वाटलेल्या जमिनी याच प्रकारच्या आहेत. तिसरा म्हणजे 'इतर हक्क' हा रकाना. बँकेचा वा सोसायटीचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम, वारसांची नोंद, हे सगळे त्या रकान्यात असते आणि लोक तोच रकाना सोडून देतात. त्यानंतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात किमान ३० वर्षांचा शोध घ्या, सूची क्रमांक २ काढा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. या कामाला वकिलाची फी लागते. पण तीस वर्षांची कमाई वाचवण्यासाठी ती जास्त नाही.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे जमीन घेणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी बघावी. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर आदिवासीला विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्यासाठी राज्य शासनाची पूर्वसंमती लागते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाला परत करावी लागते. हा कायदा आपल्या आदिवासी बांधवांच्या संरक्षणासाठी आहे. ज्यांना जमिनीपासून हजारो वर्षे दूर ठेवले गेले त्यांनी दुसऱ्या वंचिताची जमीन पळवाटेने घेऊ नये. मग ती कितीही स्वस्त मिळत असो.

आपल्या जिल्ह्यासाठी याहून मोठा प्रश्न झुडपी जंगलाचा आहे. १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलेल्या पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात हजारो हेक्टर जमिनीपुढे 'झुडपी जंगल' अशी नोंद होती. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ती नोंद आजही आहे. बऱ्याच ठिकाणी तिथे जंगल सोडा, झुडूपही उरलेले नाही. शाळा, सरकारी इमारती, स्मशानभूमी आणि गोरगरिबांची घरे उभी आहेत. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने यावर निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार झुडपी जंगल ही वनजमीनच समजायची, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्या तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, अशी सवलत दिली. १९९६ नंतरच्या वाटपांची कारणे आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांची यादी राज्याला द्यावी लागेल आणि त्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याशिवाय केंद्राने असा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही, असाही आदेश झाला.

या निकालाने जुन्या वस्त्यांना आशा मिळाली हे खरे. पण एजंट आता सांगत फिरतात की 'झुडपी जंगल मोकळे झाले'. हे धादांत खोटे आहे. सवलत आहे ती १९९६ पर्यंत रीतसर वाटप झालेल्या जमिनीला, आणि तीही राज्याने प्रस्ताव पाठवून केंद्राने मंजूर केल्यावर. आज नव्याने पाडलेल्या प्लॉटला तिचा काही उपयोग नाही. म्हणून जुन्या सातबाऱ्यावर आणि फेरफारात 'झुडपी जंगल' हे दोन शब्द शोधा. ते सापडले तर इसाराचे पैसे खिशातच ठेवा. आणि जे आधीपासून अशा जमिनीवर राहतात त्यांनी आपल्या वाटपाचा आदेश, पट्टा, जुन्या करपावत्या, मतदार यादीतील नाव, वीजबिल, जे असेल ते जपून ठेवावे आणि आपल्या वस्तीचा प्रस्ताव गेला की नाही याची तहसीलदाराकडे लेखी विचारणा करावी. हे काम एकट्याने नाही, वस्तीने मिळून करायचे आहे.

शेतजमिनीचे तुकडे पाडून विकणे हा आणखी एक सापळा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमीन विकता येत नाही. २०२३ मध्ये शासनाने हे क्षेत्र जिरायतीसाठी २० आर आणि बागायतीसाठी १० आर केले. म्हणजे शेतातला दीड हजार चौरस फुटांचा तुकडा जसाच्या तसा विकता येत नाही. मग एजंट दहा जणांच्या नावे मिळून एकच रजिस्ट्री करतो, सगळे सामाईक मालक होतात आणि प्रत्येकाचा प्लॉट कोणता हे फक्त एजंटाच्या वहीत लिहिलेले असते. २०२५ मध्ये शासनाने जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्यासाठी कायद्यात बदल केला. तो मागे होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी आहे, पुढे फसायला दिलेला परवाना नाही. अकृषिक परवानगीचे नियमही अलीकडे अनेकदा बदलले. गावठाणालगतच्या आणि विकास योजनेतल्या जमिनींना वेगळे नियम आहेत. तेव्हा 'एन.ए. आहे' या तोंडी शब्दावर जाऊ नका. अकृषिक आकारणीचा आदेश आणि सक्षम प्राधिकाऱ्याने मंजूर केलेला ले-आऊटचा नकाशा, दोन्हीची प्रत त्या त्या कार्यालयातून स्वतः काढा. नंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. खुंट एजंटाने गाडलेला नव्हे, मोजणीदाराने दाखवलेला खरा.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यामुळे, म्हणजेच रेरामुळे, खरेदीदाराच्या हाती चांगले हत्यार आले आहे. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेराकडे नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरातही करता येत नाही. हा नियम प्लॉटच्या ले-आऊटलाही लागू आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. वेळेत ताबा दिला नाही तर खरेदीदाराला व्याजासह पैसे परत मागता येतात. फ्लॅट घेत असाल तर भाव चटई क्षेत्रावर ठरवा, 'सुपर बिल्टअप' या शब्दाला भुलू नका. फलकावर महारेराचा क्रमांक नसेल तर त्यावर कोणाचा फोटो आहे हे पाहण्याची गरजच उरत नाही.

कागद स्वच्छ निघाला तरी जागा पावसाळ्यात बघा. आपला जिल्हा तलावांचा. माजी मालगुजारी तलाव आणि त्यांचे पाट इथल्या धानशेतीचा कणा आहेत. उन्हाळ्यात कोरडी, सपाट दिसणारी बांधी श्रावणात गुडघाभर पाण्याखाली असते. तलावाच्या पोटात, नाल्याच्या वाटेवर किंवा पांगोलीच्या काठच्या सखल भागात मुरूम टाकून प्लॉट पाडले जातात. पाणी आपली वाट सोडत नाही. त्या भागातल्या शेतमजुराला विचारा, तो कोणत्याही एजंटापेक्षा खरे सांगेल.

आता घरातल्या घरात काय होते ते बोलले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तेव्हा वडिलोपार्जित जागा तीन भावांकडून विकत घेताना बहिणींच्या सह्या आहेत का हे बघा. नसतील तर दहा वर्षांनी त्यांची मुले दाव्याची नोटीस घेऊन दारात येतील, आणि ती बरोबर असतील. आपल्याच घरात बहिणीकडून रक्षाबंधनाच्या वा लग्नाच्या भेटीच्या बदल्यात हक्कसोडपत्र लिहून घेणाऱ्यांनी हेही आठवावे की हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले होते. नवे घर पत्नीच्या नावे किंवा दोघांच्या नावे घ्या. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. सवलत नसती तरी हे करायला हवे होते.

पैशाचा हिशेबही घरात बसून मांडा. २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो आणि एकूण परतफेड साडेएक्केचाळीस लाखांच्या वर जाते. तेच कर्ज १५ वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १९,७०० रुपये आणि परतफेड साडेपस्तीस लाखांच्या आसपास. महिन्याला अडीच हजारांहून कमी रकमेत सहा लाख वाचतात. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास बँक दंड आकारू शकत नाही, हेही ध्यानात असू द्या. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करून त्यातला एक अडचणीसाठी राखून ठेवायला सांगितले होते. हप्ता ठरवताना हा चौथा भाग मोडू नका. मुलांचे शिक्षण थांबवून बांधलेला दुसरा मजला आपल्या कामाचा नाही. आणि बँकेने कागद पाहून कर्ज नाकारले तर सावकाराकडे जाऊ नका. कागदात काहीतरी खोट आहे, हे बँकेने तुम्हाला फुकटात सांगितलेले असते.

ज्यांच्याकडे ही ऐपत नाही त्यांनी योजनांचा पाठपुरावा करावा. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. जागाच नसलेल्या ग्रामीण लाभार्थ्याला जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. शहरी भागासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गृहकर्जावर १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदानाची तरतूद आहे, अर्थात उत्पन्नाच्या व घराच्या किमतीच्या मर्यादेत. या योजनांतही जागेचा कागद लागतोच. कागद नीट नसलेला प्लॉट घेतला की घरकुलही अडते.

शेवटी फलकावरच्या त्या दुसऱ्या ओळीकडे येतो. 'विहारासाठी जागा राखीव' म्हणजे बहुतेक वेळा ले-आऊटमधली सार्वजनिक खुली जागा असते. ती विकासकाच्या मालकीची राहत नाही, त्यामुळे ती विहाराला देण्याचा त्याला अधिकारच नसतो. २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांवर नवी धार्मिक स्थळे उभारायला मनाई केली आहे. वर्गणी काढून, श्रमदान करून बांधलेले विहार उद्या अतिक्रमण ठरते, नोटीस येते आणि मग आपण रस्त्यावर उतरतो. जमीन दाखवणारा तेव्हा कुठेच नसतो. विहार हवेच. त्यासाठी स्वच्छ कागदाची जागा घ्या आणि ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या नावे करा.

हे लिहिताना एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. असे प्लॉट आपल्या लोकांच्या गळ्यात मारणारे पुष्कळ एजंट आपलेच आहेत. ते जयंतीच्या समितीत असतात, जयभीम म्हणून घरात येतात आणि प्रत्येक प्लॉटमागे दलाली घेतात. 'आपला माणूस आहे' या एका वाक्यावर पेन्शनचा पैसा त्यांच्या हाती जातो. तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ कोणी आदरणीय माणूस सांगतो म्हणून काही मान्य करू नका, स्वतः तपासून घ्या. जे धम्माच्या बाबतीत लागू आहे ते सातबाऱ्याच्या बाबतीत लागू नाही का?

म्हणून सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर एक तास कागदांसाठी ठेवावा. ज्याला घर वा प्लॉट घ्यायचा आहे त्याने इसार देण्याआधी सातबारा, फेरफार आणि नकाशा तिथे आणावा. चळवळीतल्या वकिलांनी, निवृत्त तलाठ्यांनी आणि भूमी अभिलेख कर्मचाऱ्यांनी तो फी न घेता वाचून द्यावा. ज्या ले-आऊटमध्ये खोट निघेल त्याची माहिती सगळ्या वस्तीला द्यावी, म्हणजे दुसरा कोणी त्यात पडणार नाही. आणि जयंती समितीने ठराव करावा की बाबासाहेबांचा फोटो लावून प्लॉट विकणाऱ्याची वर्गणी घेतली जाणार नाही. गोंदियात हे काम करायला माणसे आहेत, ठरवायचे तेवढे बाकी आहे.

जयभीम!